जीपगाडीचे पुढचे पाटे : झीज, दुरुस्ती आणि दक्षता

पेडणे तालुक्यातील धारगळ हे गाव राष्ट्रीय महामार्ग ६६ वर वसलेले आहे. म्हापशाकडून येणारे वाहन कोलवाळ येथे शापोरा नदी ओलांडते आणि याच परिसरातून तालुक्यात प्रवेश करते. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील विमानतळावरून वाहतूक सुरू झाली आणि या भागातील वर्दळीला नवे वळण मिळाले. तथापि महामार्ग सोडून वाड्यांकडे, कुळागरांकडे किंवा जांभ्या दगडाच्या सड्यावर जाणाऱ्या वाटा चढउताराच्या व खाचखळग्यांच्याच आहेत. पावसाळ्यात तांबडा चिखल आणि उन्हाळ्यात त्याच मातीची धूळ वाहनाच्या प्रत्येक सांध्यात शिरते. अशा वाटांवर चारही चाकांना गती देणाऱ्या जीपसारख्या गाडीचा मोठा आधार वाटतो. या गाडीचा सर्वाधिक मार सोसणारा भाग म्हणजे तिची पुढची कमान होय. दुर्दैवाने सर्वाधिक दुर्लक्षही तिच्याकडेच होते.

जीप ग्रामीण भागाला नवी नाही. मुंबईतील माझगाव येथे १९४९ पासून विलीज बनावटीच्या जीपगाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे विकासगटाचे अधिकारी, आरोग्य पथके आणि खाणीवरील पर्यवेक्षक यांच्या सेवेत ही गाडी खेडोपाडी पोहोचली. १९८५ मध्ये आलेली जिप्सी आणि त्या काळातील महिंद्रच्या जीपगाड्या यांच्या पुढच्या बाजूलाही पाट्यांचीच कमान होती. त्यांपैकी अनेक गाड्या आजही वापरात आहेत. त्यांच्या निगेचे ज्ञान म्हणूनच उपयुक्त ठरते.

पाट्यांचे कार्य

कमान म्हणजे पोलादाच्या लांब-आखूड पाट्यांची एकावर एक रचलेली चवड. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे असतात. एक डोळा पिनेने चासीला पक्का बांधलेला असतो, तर दुसरा शॅकल नावाच्या झुलत्या कडीला जोडलेला असतो. भार पडला की कमान सपाट होते व तिची लांबी वाढते. त्या वाढीला शॅकल वाव देते. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. बांबूच्या चार-पाच कांबी उतरत्या लांबीने रचून मध्यभागी बांधाव्यात, किंचित बाक देऊन वरून दाबाव्यात; दोन्ही टोके बाहेर सरकताना विद्यार्थ्यांना दिसतील.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. कमान केवळ धक्के सोसत नाही. पुढची आस, म्हणजे ॲक्सल, गाडीखाली नेमकी जागच्या जागी धरून ठेवण्याचे कामही तीच करते. चवडीच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट आसेची जागा ठरवितो आणि यू-बोल्ट ती घट्ट आवळून धरतात. यामुळे बुश झिजले, सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल झाला, तर बिघाड केवळ बसणाऱ्याच्या सुखाचा राहत नाही. आस तिरकी होते, ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढली जाते आणि उतारावर स्टिअरिंग चालकाचे ऐकेनासे होते. कमानीची दुरुस्ती ही चैन नसून प्रवाशांच्या जिवाची काळजी आहे, ती याच कारणाने.

झीज कशी ओळखावी?

गाडी तुटण्यापूर्वी बहुधा सूचना देते. खड्ड्यातून जाताना खटखट आवाज येणे, एका बाजूस कलणे, पुढची चाके थरथरणे, टायर एकाच कडेने झिजणे या त्या सूचना होत.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी रिकामी उभी करावी व टायरमधील हवा सारखी करावी. दोन्ही बाजूंना चासीच्या समान बिंदूपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ठळक फरक आढळल्यास कमान बसली आहे असा संशय घ्यावा. प्रत्येक पाटा स्वच्छ करून तडे पाहावेत. बारीक तड्यातून गंजाची तांबूस रेघ उतरलेली दिसते. पाटे बाजूला सरकले असतील, तर घासलेली चकचकीत जागा ते दाखवून देते. डोळ्याजवळ पहार घालून हलके उचलल्यास बुशातील ढिलेपणा कळतो.

त्यानंतर पुढचे चाक उचलून, आसेखाली भक्कम आधार देऊन, चाक वर-खाली धरून हलवावे. ढिलेपणा जाणवल्यास मदतनिसाने ब्रेक दाबावा. ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो; तो कायम राहिला तर किंगपिनच्या बाजूस शोधावा. टायरॉडचे सांधे पाहण्यासाठी चाके जमिनीवर असावीत. मदतनिसाने स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे फिरवावे व दुसऱ्याने सांध्यावर हात ठेवून हालचाल पाहावी. शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत असेल, तर त्याचाही विचार याच वेळी करावा.

दुरुस्ती की बदल?

तडा गेलेला पाटा झाळून कधीही वापरू नये. पाट्याचे पोलाद विशिष्ट उष्णता देऊन लवचिक केलेले असते. झाळल्याने अथवा गॅसने तापविल्याने ते गुण नष्ट होतात व जोडाजवळ पाटा पुन्हा तुटतो. बसलेल्या कमानीला जाणकार कारागीर पुन्हा बाक देऊ शकतो. परंतु पाटे पातळ झाले असतील किंवा त्यांवर खोल गंज असेल, तर नवी कमान घालणेच श्रेयस्कर. कमानी दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलाव्यात. एक नवी व एक जुनी ठेवल्यास गाडी कलते. यू-बोल्ट व सेंटर बोल्ट नवेच घ्यावेत, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तितकी पकड देत नाही.

कामाचा क्रम

जागा सपाट व कठीण असावी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. विलीज बनावटीच्या जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर चालतो. मागचे एखादे चाक जमिनीवरून उचलले गेले, की तो गाडी धरू शकत नाही. सबब केवळ हातब्रेकवर विसंबू नये.

चासीखाली लोखंडी स्टँड द्यावेत. आपल्याकडे घराशेजारी चिरे सहज उपलब्ध असतात आणि तेच गाडीखाली रचण्याचा मोह होतो. हा मोह कटाक्षाने टाळावा. चिरा भिंतीत भार सोसतो, परंतु लोखंडाच्या अरुंद टोकाखाली तो अचानक फुटतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीही कोणी शिरू नये.

गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशी गंजरोधक तेल सोडावे. आसेला वेगळ्या जॅकचा आधार देऊन शॉकॲब्सॉर्बर व यू-बोल्ट सोडवावेत. आस खाली येताना ब्रेकची रबरी नळी ताणली जाणार नाही याची दक्षता घ्यावी. मग शॅकल व शेवटी पक्की पिन काढावी. जुन्या बनावटीत शॅकल आट्यांचे असते व काही ठिकाणी आटे उलटे असतात. म्हणून जोर लावण्यापूर्वी खात्री करावी.

आसेवरील बैठक घासून स्वच्छ करावी. नवी कमान बसविताना सेंटर बोल्टचे डोके बैठकीच्या छिद्रात बरोबर उतरले पाहिजे. यू-बोल्टचे नट आलटून-पालटून, समान ताणाने व गाडीच्या पुस्तिकेतील मापानुसार आवळावेत. बुश रबरी असल्यास पिनांची अंतिम आवळणी चाके जमिनीवर टेकवून, गाडीचा भार कमानीवर आल्यावरच करावी. अन्यथा रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. रबरी बुशाला तेल किंवा ग्रीस लावू नये. धातूच्या बुशाला मात्र नियमित ग्रीस आवश्यक आहे.

काम पूर्ण झाल्यावर पुढच्या चाकांची जुळणी तपासून घ्यावी. काहीशे किलोमीटर चालल्यानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. पुढच्या आसेला गती देणारा गिअर चिखलात किंवा सैल मातीतच टाकावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो टाकून वळणे घेतल्यास आसेच्या सांध्यांवर अकारण ताण पडतो.

नव्या पद्धतीच्या गाड्या

२०१० मध्ये आलेल्या थारमध्ये पुढे पाट्यांऐवजी टॉर्शन बार होते, तर २०२० च्या थारमध्ये गुंडाळीची स्प्रिंग आली. या पद्धतीत बॉल जॉइंट व आर्मची बुशे तपासावी लागतात. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये मोठी शक्ती साठलेली असते. योग्य अवजाराशिवाय ती मोकळी करणे प्राणघातक ठरू शकते. हे काम प्रशिक्षित कारागिराकडेच सोपवावे.

कायदा व कर्तव्य

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ अन्वये परिवहन वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. लांब शॅकल घालून गाडी उंच करण्याची हौस म्हणूनच कायद्याला धरून नाही; शिवाय तिने आसेचा कोन बदलून स्टिअरिंग बिघडते.

प्रमाणपत्र वर्षातून ठरावीक वेळीच तपासले जाते. रस्ता मात्र गाडीची परीक्षा रोज घेतो. पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळा संपताच पुन्हा एकदा अर्धा तास काढून गाडीखाली पाहण्याची सवय वाहनधारकांनी, शासकीय चालकांनी आणि शाळेची मुले नेणाऱ्यांनी लावून घ्यावी. सड्यावरून उतरणाऱ्या गाडीतील प्रत्येकाचा भरवसा त्या चार पाट्यांवर आणि दोन बोल्टांवर असतो. तो भरवसा सार्थ ठरविणे हे गाडी बाळगणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.