वर्दी, स्टेटस आणि प्रभूचं वचन



आजचा शास्त्रभाग: लूक ३:१०–१४
सोबत वाचा: मत्तय ५:४३–४८, रोमकरांस १२:१७ ते १३:७, १ इतिहास २२:६–१०

आजचं मनन नेहमीपेक्षा मोठं आहे, आणि लिहायला मला जडही गेलं. कारण सुरुवात माझ्या चुकीपासून करावी लागतेय.

मे २०२५ आठवतोय ना? २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ जणांना मारलं गेलं. त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा होते, त्यातले दोघे पुण्याचे. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली आणि ऑफिसच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेजचा पूर सुरू झाला. मीही मागे राहिलो नाही. स्फोटाचा एक व्हिडिओ, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग, आणि वर स्तोत्रसंहितेतला शत्रूंच्या नाशाचा एक संदर्भ. ठेवला स्टेटसला. (तो व्हिडिओ त्या हल्ल्याचा नव्हताच, हे नंतर कळलं.) भराभर लोकांनी बघितला, अंगठे आले. बरं वाटलं.

१० मेला शस्त्रसंधी झाली. पुढच्या शनिवारी मी आजोळी, पाथर्डीला गेलो. मामा आणि मावशी दोघंही तिथंच राहतात. मावशीचा धाकटा एकोणीस वर्षांचा आहे, अग्निवीर भरतीची तयारी करतोय. पहाटे पाचला उठून सोळाशे मीटर पळतो. रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर बसलो होतो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "दादा, एक विचारू? तुझं स्टेटस बघितलं मी. मग येशूनं शत्रूवर प्रेम करायला सांगितलं, ते नेमकं कुणासाठी? मी उद्या भरती झालो, तर मला ते लागू आहे का नाही?"

मी युवकांच्या संगतीत बायबल स्टडी घेतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

योहानाने काय सांगितलं

आजच्या शास्त्रभागात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? साधी माणसं येतात, जकातदार येतात, शेवटी शिपाई येतात. योहान मागेपुढे बघून बोलणारा माणूस नव्हता. हेरोद राजालाही त्याने तोंडावर सुनावलं. पण शिपायांना तो नोकरी सोडा असं म्हणत नाही. कुणाला धमकावून पैसे उकळू नका, कुणावर खोटा आळ घेऊ नका, मिळतो त्या पगारात समाधानी राहा, एवढंच सांगतो.

पुढे मत्तय ८ मध्ये शताधिपती येतो आणि त्याचा विश्वास बघून प्रभू येशू थक्क होतो. प्रेषितांची कृत्ये १० मध्ये कर्नेल्यावर पवित्र आत्मा उतरतो, तोही सैन्यातलाच अधिकारी. त्यांच्यापैकी कुणाला वर्दी उतरवून ये, असं सांगितल्याचं लिहिलेलं नाही.

इथं आपल्यातले बरेच जण थांबतात. झालं, युद्धाला परवानगी मिळाली! पण मी रोज लॉग वाचणारा माणूस आहे. लॉगमध्ये एरर दिसली नाही म्हणजे प्रोग्राम बरोबर चालला, असं होत नाही. शास्त्र एखाद्या जागी गप्प आहे, म्हणून आपलं वाक्य तिथं घालायचं नसतं.

आणि बाकीची पानं गप्प नाहीत. गेथशेमाने बागेत शिष्याने तलवार उपसली तेव्हा प्रभूने ती म्यानात घालायला लावली. ज्याचा कान कापला गेला, तो प्रभूला धरायला आलेल्या लोकांतला होता. त्याला प्रभूने तिथंच बरं केलं. वधस्तंभावर जाण्याआधीचं हे शेवटचं आरोग्यदान, आणि ते आपल्याच माणसाच्या तलवारीने जखमी झालेल्या विरोधकाला मिळालं. हे वाचून मी बराच वेळ पुढं गेलो नाही.

रोमकरांस १३ एकटं वाचू नका

युद्धाच्या बाजूने बोलताना रोमकरांस १३ हमखास काढलं जातं. सत्ताधारी उगाच तलवार धरत नाही, तो वाईट करणाऱ्याला शिक्षा करणारा देवाचा सेवक आहे, असं पौल म्हणतो. खरं आहे. पण पौलाने पत्र लिहिलं तेव्हा त्यात अध्याय नव्हते. हे आकडे तेराव्या शतकात पडले. आकडा विसरून १२:१७ पासून सलग वाचा. सूड घेऊ नका, तो देवावर सोडा, शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, असं आधी येतं. लगेच पुढे राज्यसत्तेचं येतं.

मला यातून एवढं समजतं: दुर्बळाला वाचवायला, हल्लेखोराला अडवायला सत्तेच्या हाती बळ दिलेलं आहे. सूड मात्र कुणाच्याच हाती दिलेला नाही, ना शिपायाच्या, ना माझ्या. पहलगामच्या त्या घरांसाठी न्याय मागणं योग्यच होतं. पण मी न्याय मागत नव्हतो. मी मजा घेत होतो.

मंडळीत दोन मतं, एकच प्याला

पहिल्या शतकांतल्या कित्येक विश्वासणाऱ्यांनी शस्त्र धरायला नकार दिला. पुढे ऑगस्टीनने, आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने, युद्ध कधी न्याय्य म्हणता येईल याच्या अटी मांडल्या. अक्वायनसच्या तीन अटी: योग्य सत्तेचा हुकूम, योग्य कारण आणि योग्य हेतू. तिसरी सगळ्यात अवघड. कारण बरोबर असलं तरी मनात द्वेष असेल, तर युद्ध न्याय्य राहत नाही.

हे दोन्ही प्रवाह आपल्या घरातच आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात अँग्लिकन होते. त्यांच्या ३९ कलमांपैकी ३७वं कलम म्हणतं की सत्तेच्या हुकमाने ख्रिस्ती माणूस शस्त्र धरू शकतो. त्यात ब्रेदरन मंडळीही होती, जिने डहाणूत आणि गुजरातेत काम केलं. ती शांतीवादी परंपरेतली, युद्धात भाग घेणं हेच पाप मानणारी. आपल्या नगर जिल्ह्यातल्या जुन्या मराठी मिशनच्या मंडळ्याही याच एकीत आल्या. मतभेद मिटले म्हणून ते एकत्र आले नाहीत. तरीही एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेऊ लागले. त्यामुळे शस्त्र न धरणाऱ्याला भित्रा म्हणू नका, आणि वर्दीतल्या भावाला खुनी म्हणू नका.

नगरचा कॅम्प

पुण्याहून पाथर्डीला जाताना नगरनंतर भिंगार कॅम्प लागतो, मग चांदबीबीचा महाल, पुढे करंजी घाट. नगर म्हणजे रणगाड्यांचं गाव. संडे स्कूलची आमची एक सहल रणगाडा संग्रहालयात गेली होती. आम्ही तोफेच्या नळीखाली फोटो काढले आणि तोंडाने धडाम धडाम केलं.

त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, की पहिल्या महायुद्धात याच नगरमध्ये इंग्रज सरकारने जर्मन लोकांचा कॅम्प केला होता. त्या कैद्यांमध्ये जर्मन मिशनरीही होते. भारतात शाळा चालवणारी, वचन सांगणारी माणसं काटेरी तारेच्या आत. बाहेर पहारा देणारं सरकारही ख्रिस्ती राजाचं. इंग्लंडच्या चर्चमध्ये विजयाची प्रार्थना, जर्मनीच्या चर्चमध्येही विजयाची प्रार्थना. जर्मन शिपायांच्या पट्ट्याच्या बक्कलवर 'देव आमच्याबरोबर' असं कोरलेलं असायचं. हाच तर इम्मानुएल या नावाचा अर्थ! जे नाव गोठ्यात जन्मलेल्या बाळाचं, ते कमरेच्या पट्ट्यावर गेलं.

मी तरी काय वेगळं केलं? त्यांनी बक्कलवर कोरलं, मी स्तोत्राचा संदर्भ स्फोटावर चिकटवला.

मामांनी मागे घेतलेला हात

त्या रात्री गच्चीवर मामाही होते. ते तोफखान्यात हवालदार होते. नाशिक रोडला ट्रेनिंग, आणि १९९९ साली कारगिलला बोफोर्स तोफेवर. लढाईचं ते कधी बोलत नाहीत. पण पोराचा प्रश्न ऐकून बोलले.

"आम्हाला समोरचा माणूस दिसत नसे. वरून आकडे यायचे, तसं आम्ही डागायचो. गोळा बरोबर पडला की सगळे ओरडायचे, मीबी ओरडायचो. आपली पोरं वर मरत होती, थांबून कसं चाललं असतं? नंतर ऐकलं, त्यांच्या मेलेल्यांना त्यांचेच लोक न्यायला तयार नव्हते. आपल्या सैन्यानं त्यांच्या रीतीनं पुरलं. तवा पहिल्यांदा डोक्यात आलं, की तिकडंबी पोरंच होती."

मग थोडं थांबून म्हणाले, "सुट्टीवर आलो. रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर पुढं आली आणि हात पुढं करवेना. तीन-चार महिने घेतलं नाही. पाळकांनी विचारलं, तर म्हटलं पोट बरं नाही."

हे मावशीलाही माहीत नव्हतं.

परतल्यावर मी शोधून वाचलं. चौथ्या शतकात बेसिल नावाच्या बिशपने लिहून ठेवलंय, की युद्धात मारणाऱ्याला खुनी धरू नये, पण त्याचे हात शुद्ध नाहीत म्हणून त्याने तीन वर्षं प्रभुभोजनापासून दूर राहिलेलं बरं. मामांनी बेसिलचं नावही ऐकलेलं नाही. आणि १ इतिहास २२ बघा. दावीद देवाच्या मनासारखा माणूस, पण देव त्याला म्हणतो की तू पुष्कळ रक्त सांडलंस, माझं मंदिर तू बांधणार नाहीस. काही लढाया तर देवाला विचारूनच केलेल्या होत्या. तरी मंदिर शलमोनाने बांधलं. म्हणजे जी लढाई टाळता येत नाही, तीसुद्धा हाताला काहीतरी चिकटवून जाते.

मला लाज वाटली ती इथं. मामांनी हुकूम पाळला, आपली माणसं वाचवली, आणि न दिसलेल्या मेलेल्यांसाठी प्रभूच्या मेजापासून हात मागे घेतला. मी खराडीतल्या एसीत बसून हसलो, आणि त्या रविवारी भाकर घ्यायला माझा हात जराही अडखळला नाही.

मग ख्रिस्ती माणूस युद्धाला पाठिंबा देऊ शकतो का?

माझं आजचं मत स्पष्ट लिहितो, तुम्ही शास्त्राशी ताडून बघा. शेजाऱ्याला वाचवण्यासाठी, कायदेशीर सत्तेखाली, दुसरा मार्ग उरला नसताना विश्वासणारा शस्त्र धरू शकतो, दुःखाने आणि प्रभूपुढे जाब द्यायच्या तयारीने. पण युद्धाला आशीर्वाद देणं, शत्रूच्या मरणाचा उत्सव करणं, तिकडच्या लेकराबाळांना हिशोबात न धरणं, हे त्याला कधीच जमणार नाही. शत्रूवर प्रेम करायची आज्ञा युद्धाच्या काळात रद्द होत नाही. शत्रू असतो तेव्हाच तर ती लागू होते.

आणि एक कबुली. माझ्या स्टेटसमागे देशप्रेमापेक्षा भीती जास्त होती. आपण ख्रिस्ती, थोडे. गप्प बसलो तर लोक काय म्हणतील? म्हणून इतरांपेक्षा मोठ्याने ओरडायचं. देशावर प्रेम करायला ओरडावं लागत नाही. पाथर्डीत मामा आहेत, त्यांना कुणी प्रमाणपत्र मागितलेलं नाही.

मावसभावाला मी शास्त्राच्या नावाने 'जा' म्हणालो नाही, 'जाऊ नको' म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, की मन खात्रीने हो म्हणत नसेल तर जाऊ नकोस, रोमकरांस १४:२३ वाच. आणि गेलास, तर योहानाने शिपायांना सांगितलेलं पाठ कर. मामा म्हणाले, "जा बाळा. पण ज्या दिवशी मारायला मजा वाटेल, त्या दिवशी घरी फोन कर." पहाटे पाचला तो नेहमीसारखा पळायला गेला.

स्टेटस चोवीस तासांत आपोआप गेलं होतं, पण पाप असं आपोआप जात नाही. मी युवकांच्या ग्रुपवर माफी मागितली. दोघांनी हात जोडले, एकाने ग्रुप सोडला. त्याला मी फोन केला, अजून उचललेला नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आज करून बघा
• गेल्या वर्षभरात कुणाच्या मरणावर आपण हसलो का? फॉरवर्ड केलं का? प्रभूला नाव घेऊन सांगा.
• ओळखीतल्या एका जवानाच्या घरी फोन करा. नुसतं 'जय हिंद' नको, 'कसे आहात' विचारा.
• सीमेपलीकडच्या एका आईसाठी दोन मिनिटं प्रार्थना करा. जड जाईल. मलाही जातं.

प्रार्थना
प्रभू येशू, तू कान कापणाऱ्याला थांबवलंस आणि कान कापला गेलेल्याला बरं केलंस. आमच्या जवानांना सांभाळ, त्यांचे हात आणि त्यांची मनं दोन्ही सांभाळ. ज्यांची माणसं गेली त्यांना न्याय दे, धीर दे. आमच्या शत्रूंना जिवंत ठेव आणि बदल. आणि दूर बसून हसणाऱ्या आम्हाला क्षमा कर. आमेन.