चहाची पारख व तो करण्याची रीत

तांदूळ विकत घ्यावयाचा झाला, तर शेतकरी मूठभर दाणे हातावर घेऊन कणी किती, तूस किती, हे पाहिल्यावाचून पैसे मोजीत नाही. तोच शेतकरी चहा मात्र वाणी देईल तो मुकाट्याने घेतो. लावणी-कापणीच्या दिवसांत गड्यांसाठी दिवसातून दोनतीनदा आधण चढते. तेव्हा हा खर्च उपेक्षा करण्याजोगा खचित नाही. म्हणून या विषयाचा थोडक्यात विचार करू.

प्रकार. चहाच्या झुडुपाचा शेंडा व त्यालगतची दोन पाने खुडून ती कोमेजू देतात व मळतात. मळल्याने पानांतील रसास हवा लागून पाने तांबूस होतात. नंतर ती उष्ण हवेने वाळवितात. हाच काळा चहा. तो चाळून अखंड पान, तुटकी पत्ती, बारीक पत्ती व भुकटी अशा प्रती पाडतात. सन १९३० च्या सुमारास आसामात दातेरी रुळांचे यंत्र निघाले. त्यातून पाने चिरडून, फाडून व वळवून निघतात, तो दाणेदार चहा होय. पत्तीला सुवास अधिक, दाण्याला रंग व कडकपणा अधिक. भुकटी म्हणजे हलका माल, असे मात्र समजू नये. चांगल्या तांदळाची कणी चांगलीच असते. दूध घालावयाचे असल्यास आसामचा दाणेदार चहा घ्यावा. बिनदुधाचा प्यावयाचा असल्यास दार्जिलिंगची किंवा निलगिरीची पत्ती घ्यावी.

पारख. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील दुकानांतून सुटा चहा मिळतो. त्याचा दाणा सारखा असावा, काड्या व तांबूस तंतू थोडे असावेत, आणि कुबट वास मुळीच नसावा. वापरलेला चोथा वाळवून, त्यास रंग देऊन विकण्याचा लबाड धंदा जुना आहे. त्याची परीक्षा अशी : ओल्या टिपकागदावर चिमूटभर चहा पसरावा, थोड्या वेळाने कागद धुऊन उजेडात धरावा; रंगाचे डाग उमटले तर माल संशयास्पद समजावा. लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीसही पाहावा. संशय आल्यास पावतीसह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

किंमत किलोवर न पाहता पेल्यावर पाहावी. समजा, चारशे रुपये किलोचा चहा दहा पेल्यांस पंचवीस ग्रॅम लागतो. खर्च दहा रुपये. चारशे ऐंशीचा चहा तितक्याच पेल्यांस वीस ग्रॅमच पुरला, तर खर्च नऊ रुपये साठ पैसे. महाग दिसणारा मालच येथे स्वस्त पडला.

साठवण. चहा ओल व वास चटकन शोषून घेतो. आमच्या दमट पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाला, रॉकेल व सुके बोंबील यांपासून दूर ठेवावा. आणि एका वेळी महिन्यापुरताच आणावा.

पाणी. साष्टीच्या डोंगरांतील विहार तलाव १८६० साली व तुळशी १८७९ साली पुरा झाला. अशा तलावाचे पाणी मृदू असते व त्यात चहाचा रंग स्वच्छ उतरतो. विहिरीचे पाणी जड असल्यास चहा काळपट होतो व वर साय धरल्यासारखा तवंग येतो. खाडीलगतच्या मचूळ पाण्याने चवच बिघडते. दोन्ही पाण्यांत एकच चहा करून पाहावा, म्हणजे दोष मालाचा की पाण्याचा हे कळेल.

कृती. दहा माणसांस एक लिटर ताजे पाणी, अर्धा लिटर दूध व पंचवीस ग्रॅम दाणेदार चहा घ्यावा. पाण्यास खळखळून उकळी येताच चहा टाकून आच मंद करावी, दोनतीन मिनिटांत वेगळे तापविलेले दूध घालावे, एक उकळी येऊ द्यावी व लगेच गाळावा. बिनदुधाच्या पत्तीस शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम हे प्रमाण पुरे. वरून उकळते पाणी ओतून चारपाच मिनिटे झाकून ठेवावी. चहा फार उकळल्याने सत्त्व वाढत नाही, तुरटपणा मात्र वाढतो.

आरोग्य. चहातील तुरट द्रव्ये अन्नातील लोह अंगी लागू देत नाहीत. सन २०२४ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत जेवणाच्या आधी व नंतर एक तास चहा वर्ज्य करण्यास सांगितले आहे. आमच्या शेतावर राबणाऱ्या स्त्रियांत पांडुरोग पुष्कळ आढळतो. आणि भाकरीबरोबरच चहा देण्याची रीत सर्वत्र आहे. भाकरी एका वेळी व चहा तासाभराने दिल्यास पैशाचाही खर्च वाढत नाही. एवढा बदल प्रत्येक मालकाने येत्या हंगामापासून करावा.

शेवटी चोथ्याविषयी. दूध व साखर धुऊन काढून तो खताच्या खड्ड्यात टाकावा. मागावयास येणाऱ्या अनोळखी माणसास देऊ नये. तोच रंगून पुन्हा आपल्या पेल्यात यावयाचा!