दूरचित्रवाणीचा रिमोट : जुळवणी आणि दोषशोधन

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी संच लावण्यासाठी किंवा आवाज कमी-अधिक करण्यासाठी उठून संचापाशी जावे लागे. वाहिनी एकच असल्यामुळे त्याचा त्रास कोणास फारसा जाणवत नसे. पुढे वाहिन्या वाढल्या, गल्लोगल्ली केबलच्या तारा आल्या आणि केबल दूरचित्रवाणीचे नियमन करणारा कायदा १९९५ मध्ये झाला. २०११ मधील दुरुस्तीनुसार केबलचे प्रसारण टप्प्याटप्प्याने अंकीय करण्यात आले. मुंबईसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही तारीख होती, तर ग्रामीण भागासह उर्वरित देशासाठी ३१ मार्च २०१७ ही अखेरची मुदत ठरली. या बदलामुळे केबलची तार आणि संच यांच्यामध्ये सेट-टॉप बॉक्स आला आणि त्याच्याबरोबर घरात दुसरा रिमोट आला. आज रिमोटविषयीच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या दुसऱ्या रिमोटात आहे.

हा प्रश्न घरापुरता राहिलेला नाही. २०२० मध्ये पीएम ई-विद्या योजनेखाली एका इयत्तेस एक याप्रमाणे बारा शैक्षणिक वाहिन्या सुरू झाल्या आणि २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यांची संख्या दोनशेपर्यंत नेण्याची घोषणा करण्यात आली. त्या पाहण्यासाठी शाळेत संच असतो, तसेच ग्रामपंचायतीच्या सभागृहातही असतो. एके दिवशी पडद्यावर काहीच दिसत नाही, रिमोटची कळ दाबून काही होत नाही, संच कपाटाशेजारी झाकून ठेवला जातो आणि जडवस्तू नोंदवहीत त्याच्यापुढे ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो. वास्तविक अनेकदा संच, बॉक्स आणि रिमोट ही तिन्ही उपकरणे धडधाकट असतात. केवळ एक कळ चुकीची दाबली गेलेली असते.

रिमोटचे कार्य

रिमोटच्या पुढच्या टोकाशी एक लहानसा दिवा असतो. तो अवरक्त प्रकाश देतो. या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ९४० नॅनोमीटर असल्याने तो डोळ्यांना दिसत नाही. कळ दाबली की हा दिवा सेकंदास सुमारे ३८,००० वेळा या वेगाने लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याचे लहान-मोठे तुकडे पाडून संदेश पाठविला जातो. इतका वेग कशासाठी, असा प्रश्न पडेल. ऊन, विजेचा दिवा, चूल या सर्वांतून अवरक्त किरण बाहेर पडतात. परंतु ते या ठरावीक वेगाने लुकलुकत नाहीत. त्यामुळे बॉक्समधील ग्राहकाला त्या गर्दीतून रिमोटचा आवाज नेमका ओळखता येतो. तथापि इलेक्ट्रॉनिक चोक असलेले काही दिवे जवळजवळ याच वेगाने चमकतात आणि बॉक्सवर थेट ऊन पडत असेल तर ग्राहक दिपून जातो. दिवसा न चालणारा रिमोट रात्री सुरळीत चालू लागला, तर दोष रिमोटात न शोधता खिडकीत शोधावा.

संदेशाचे दोन भाग असतात. पहिला भाग कोणत्या उपकरणाला उद्देशून हाक आहे ते सांगतो आणि दुसरा कोणती कळ दाबली ते सांगतो. पत्रावरील पत्ता आणि आतील मजकूर असाच हा प्रकार आहे. पत्ता जुळत नसेल तर बॉक्स त्या हाकेकडे लक्ष देत नाही. म्हणूनच बाजारातून नवा रिमोट आणताना तो केवळ ‘त्याच कंपनीचा’ असून भागत नाही. बॉक्सच्या तळाशी छापलेला नमुना क्रमांक टिपून न्यावा लागतो.

दोन रिमोट, एक पडदा

संचाच्या पाठीमागे तार जोडण्याच्या अनेक जागा असतात. बॉक्स त्यांपैकी एका जागी, बहुधा एचडीएमआय किंवा एव्ही या जागी, जोडलेला असतो. संचाने कोणत्या जागेवरील चित्र दाखवावे हे संचाच्या रिमोटवरील ‘सोर्स’ अथवा ‘इनपुट’ या कळीने ठरते. ही कळ चुकून दाबली गेली की चित्र नाहीसे होते आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते. मग बॉक्सचा रिमोट कितीही वेळ दाबला तरी उपयोग होत नाही.

येथे एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. ही सूचना कोऱ्या पडद्यावर असेल तर ती संचाची असते. तेव्हा ‘सोर्स’ कळीने योग्य जागा निवडावी आणि तार घट्ट बसली आहे किंवा नाही ते पाहावे. सूचनेबरोबर केबलचालकाचे चिन्ह किंवा वाहिनीचा क्रमांक दिसत असेल तर ती बॉक्सची असते. तेव्हा दोष बाहेरून येणाऱ्या तारेत किंवा वर्गणीत आहे आणि ते काम केबलचालकाचे आहे. दोन्ही प्रसंगी रिमोट निर्दोष असतो.

जुळवणी

बॉक्सच्या अनेक रिमोटांवर संचासाठी चार-पाच कळांचा वेगळा चौकोन असतो. संचाच्या रिमोटची कामे या कळांना शिकविता येतात. रीत बहुधा अशी असते : त्या चौकोनातील ‘सेट’ कळ लाल दिवा स्थिर होईपर्यंत दाबून धरावी, जी कळ शिकवावयाची ती एकदा दाबावी, दोन्ही रिमोटांची तोंडे चार-पाच सेंटिमीटर अंतरावर समोरासमोर धरून संचाच्या रिमोटवरील तीच कळ दाबावी, दिवा लुकलुकला की धडा पक्का झाला. शेवटी ‘सेट’ पुन्हा दाबावी. काही रिमोटांत शिकविण्याऐवजी संचाच्या कंपनीचा सांकेतिक क्रमांक भरावा लागतो. नेमकी कृती माहितीपुस्तिकेत असते. ती पुस्तिका खोक्याबरोबर फेकून न देता संचाच्या फाईलला लावून ठेवावी. काही रिमोटांत सेल बराच वेळ बाहेर राहिल्यास शिकविलेले पुसले जाते. त्याला बिघाड समजू नये.

ब्लूटूथवर चालणाऱ्या नव्या रिमोटांना जोडणीची आज्ञा एकदाच द्यावी लागते. त्यांना नेम धरण्याचीही गरज नसते.

दोष नेमका कोठे

सर्वांत सोपी कसोटी मोबाईलच्या कॅमेऱ्याची. कॅमेरा चालू करून रिमोटचे टोक त्यासमोर धरावे व कळ दाबावी. मोबाईलच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसला तर रिमोट प्रकाश देत आहे. काही मोबाईलच्या मागील कॅमेऱ्यात अवरक्त किरण अडविणारी काच असते, म्हणून समोरचा कॅमेरा वापरावा आणि तोही आधी चालू स्थितीतील दुसऱ्या रिमोटवर पडताळून घ्यावा. ब्लूटूथ रिमोटला ही कसोटी लागू पडत नाही.

ठिपका दिसत असूनही बॉक्स दाद देत नसेल, तर बॉक्सकडे वळावे. भिंतीवर टांगलेल्या संचामागे बॉक्स दडविलेला असतो, त्याच्या तोंडावर विणलेला रुमाल असतो किंवा तसबिरीचा हार लोंबत असतो. हे अडथळे दूर करावेत. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घालण्याची प्रथा चांगली. पण पिशवी तोंडाशी मळून धुरकट झाली की किरण क्षीण होतात. कळ दाबताच बॉक्सचा दिवा लुकलुकत असेल तर संदेश पोहोचला असे समजावे. तरीही वाहिनी बदलत नसेल तर बॉक्स अडखळला आहे. त्याची वीज बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावी. एकच कळ चालत नसेल तर तिच्याखालील रबरी गादीवर मळ साचलेला असतो. सेल काढून, आवरण उघडून, ती गादी स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी व पूर्ण वाळू द्यावी.

सेल

ठिपका दिसतच नसेल तर बहुधा सेल संपलेले असतात. दोन्ही सेल एकाच वेळी बदलावेत. एक नवा आणि एक जुना घातल्यास जुना सेल लवकर गळतो. गळलेल्या सेलमुळे स्प्रिंगवर पांढरा किंवा हिरवट थर चढतो आणि कोकणच्या दमट हवेत गंजही लवकर धरतो. सेल अल्कलाइन असेल तर लिंबाचा रस लावलेल्या बोळ्याने थर काढून नंतर स्पिरिटने पुसावे. हाताला तो थर लागू देऊ नये. शाळांनी उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वी सेल काढून ठेवले, तर जूनमध्ये शाळा उघडताना हा प्रसंग येत नाही.

काही लहान रिमोटांत नाण्याच्या आकाराचा सेल असतो. तो मुलाने गिळल्यास अन्ननलिका काही तासांत भाजून निघते. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. ज्या रिमोटच्या सेलचे झाकण सैल झाले आहे, तो चिकटपट्टी लावून का होईना पक्का बंद करावा. वापरलेले सेल चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. त्यांच्या संकलनाची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे; तोवर ग्रामपंचायतीने कार्यालयात झाकणाचा एक कोरडा डबा ठेवून ते वेगळे जमा करावेत.