दोन्ही संघ खालच्या श्रेणीतले, मग फायनलला पोचले कसे?

प्रश्न : माझी मुलगी एडिंबराला असते, जावई तिथलेच. त्यांनी मला एक हिरवा-पांढरा मफलर पाठवला आहे. त्यावर २१ मे २०१६ ही तारीख विणलेली आहे. ते सांगतात, त्या दिवशी स्कॉटिश कपाची फायनल झाली आणि दोन्ही संघ दुसऱ्या श्रेणीतले होते. देशाच्या कपाची फायनल आणि दोन्ही संघ खालचे, हे कसं? वरचे संघ खेळायला आले नव्हते का? आणि फोनवर विषय निघाला की जावयांचा आवाज अजून भरून येतो. त्यात एवढं रडण्यासारखं काय आहे?
— एक वाचक, शनिवार पेठ, पुणे

उत्तर : आधी मफलर जपून ठेवा. पहाटे ओंकारेश्वराकडे फिरायला जाताना कानाला गुंडाळण्यापुरता तो नाही. तुमच्या जावयांनी घरातली मोलाची वस्तू तुम्हाला दिली आहे.

आता शंकेकडे वळू. वरचे संघ आले होते, झाडून सगळे आले होते. ते हरले आणि घरी गेले. गोंधळ होतो तो लीग आणि कप हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो म्हणून. लीग म्हणजे साखळी. स्कॉटलंडमध्ये वरच्या चार श्रेणींत मिळून ४२ क्लब आहेत. पहिल्या श्रेणीत १२ आणि बाकीच्या तिन्हींत दहा-दहा. वर्षभर आपापल्या श्रेणीत एकमेकांशी खेळायचं, गुण जमवायचे आणि वर्षाअखेरीस वरचे वर सरकतात, तळाचे खाली घसरतात. कपाचं तसं नाही. तिथे गाठ घालताना श्रेणी बघत नाहीत. सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका भांड्यात, ज्याच्याशी गाठ पडेल त्याच्याशी खेळायचं आणि हरला तो बाद. ही स्पर्धा १८७३ साली सुरू झाली. पुढच्या वर्षी क्वीन्स पार्क या क्लबानं क्लाइड्सडेलला २-० असं हरवून पहिला कप घेतला. तोच चांदीचा कप आजही देतात.

(मुळात खालच्या श्रेणींच्या क्लबांसाठी म्हणून १९९० मध्ये आणखी एक कप सुरू झाला, चॅलेंज कप. तिथे फायनलला दोन्ही संघ खालचे असले, तर त्यात नवल नाही. तुमच्या मफलरवरची तारीख त्या कपाची नव्हे, थोरल्या कपाची आहे.)

थोडं गणित करू, म्हणजे नवल निम्मं ओसरेल. समजा एखादा संघ इतका भारी आहे की कुणाशीही खेळला तरी दहांपैकी आठ सामने जिंकेल. मोठे क्लब कपात चौथ्या फेरीपासून उतरतात, म्हणजे कप उचलायला त्यांना लागोपाठ पाच सामने जिंकावे लागतात. ०.८ पाच वेळा मांडून त्यांचा गुणाकार करा. उत्तर येतं ०.३३ च्या आसपास. म्हणजे असा बलाढ्य संघसुद्धा तीन वर्षांत एकदाच कप नेईल, दोनदा कुठेतरी ठेच खाईल. पहिल्या श्रेणीच्या साखळीत ३८ सामने असतात. एखाद्या दिवशी नशीब फिरलं तरी पुढे भरपाई होते. बाद पद्धतीत भरपाई नाही. त्यातून फुटबॉलमध्ये गोल मुळातच कमी. सारा वेळ चेंडू एकाकडे आणि एकुलता एक गोल दुसऱ्याचा, असं दर आठवड्याला कुठे ना कुठे घडत असतं.

२०१६ साली नेमकं हेच झालं. हिबर्नियन, म्हणजे तुमच्या जावयांचे हिब्स, पाचव्या फेरीत गावातल्याच हार्ट्स क्लबाविरुद्ध शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत ०-२ असे मागे होते. तिथून त्यांनी बरोबरी केली आणि पुन्हा खेळवलेला सामना १-० असा जिंकला. उपांत्य फेरीत समोर पहिल्या श्रेणीतला डंडी युनायटेड. गोलच झाला नाही. टायब्रेकरमध्ये कॉनरॅड लोगन या गोलरक्षकानं दोन पेनल्टी अडवल्या. हा गडी दुखापतीमुळे वर्षाहून अधिक काळ एकही अधिकृत सामना खेळला नव्हता आणि हिब्सकडून तो त्याचा पहिलाच सामना होता. दुसऱ्या बाजूला चिठ्ठ्यांनी सेल्टिक आणि रेंजर्स या क्लबांची गाठ उपांत्य फेरीतच घालून दिली. सेल्टिकनं त्या वर्षी पहिल्या श्रेणीचं विजेतेपद मिळवलं, पण इथे २-२ बरोबरीनंतर टायब्रेकरमध्ये रेंजर्सनी त्यांना घालवलं. उरले दोन, आणि दोघेही दुसऱ्या श्रेणीतले. स्कॉटिश कपाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं.

आता 'खालच्या श्रेणीतले' म्हणजे लहान, हा समज काढून टाका. एखादा मुलगा नववीत गचकला म्हणून घराण्याचं नाव बदलत नाही. रेंजर्सच्या नावावर तेव्हा देशाची ५४ विजेतेपदं होती. २०१२ साली त्यांची जुनी कंपनी कर्जात बुडाली. नव्या कंपनीच्या हाती गेलेल्या क्लबाला वरच्या श्रेणीतल्या बाकीच्या क्लबांनी आपल्यात घ्यायला नकार दिला. मग थेट चौथ्या श्रेणीत बसून त्यांना एकेक पायरी चढावी लागली. हिब्सही काही कालचे नाहीत. एडिंबरात येऊन राहिलेल्या आयरिश लोकांनी १८७५ साली काढलेला हा क्लब. युरोपियन कप सुरू झाला त्या वर्षी, १९५५ मध्ये, त्यात खेळलेला ब्रिटनमधला पहिला क्लब हाच, आणि तिथेही उपांत्य फेरी गाठलेला. २०१४ साली घसरून ते दुसऱ्या श्रेणीत आले होते, इतकंच.

राहिला जावयांच्या आवाजाचा प्रश्न. हिब्सनी हा कप आधी जिंकला होता १९०२ साली. त्यानंतर ते दहा वेळा फायनलला पोचले आणि दहाही वेळा हरले. २०१२ ची फायनल तर गावातल्याच हार्ट्सशी, आणि ५-१ असा पराभव. वैऱ्याच्या हातून, तोही आपल्याच गावात दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचं असताना! एडिंबरात आजोबा गेले, वडील थकले आणि कप काही आला नाही, अशी घरं किती असतील याचा अंदाज करा.

म्हणून तो शनिवार पाहण्यासारखा होता. ग्लासगोचं हॅम्पडन पार्क, पन्नास हजारांवर माणसं. तिसऱ्याच मिनिटाला अँथनी स्टोक्सनं हिब्सचा पहिला गोल केला. मग रेंजर्सच्या केनी मिलरनं बरोबरी केली आणि ६४व्या मिनिटाला अँडी हॅलिडेनं लांबून मारलेल्या फटक्यानं रेंजर्स २-१ असे पुढे. हिब्सवाल्यांना पुढचं पाठच होतं, दहा वेळा पाहिलेलं. पण ८०व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, स्टोक्सनं डोक्यानं चेंडू आत घातला. ९० मिनिटं संपल्यावर जोडलेल्या वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला पुन्हा कॉर्नर, मारणाराही आधीच्या कॉर्नरचाच, आणि या वेळी कर्णधार डेव्हिड ग्रेचं डोकं. ३-२. शिट्टी वाजली तशी हजारो माणसं मैदानात घुसली. गोलपोस्ट मोडले, काहींनी हिरवळीचे तुकडे उपटून घरी नेले. हे काही शोभेसं नव्हतं. रेंजर्सच्या खेळाडूंना धक्काबुक्की झाल्याच्या तक्रारी आल्या, चौकशीही झाली. कप हातात द्यायला त्यामुळे बराच उशीर झाला. दुसऱ्या दिवशी उघड्या बसमधून मिरवणूक निघाली आणि एडिंबरा नि लीथचे रस्ते माणसांनी भरून गेले. आपल्याकडची विसर्जन मिरवणूक आठवा, फक्त ढोल वजा करा.

इथे वाचकांना हमखास पडणारी आणखी एक शंका निस्तरून टाकतो. कप जिंकला म्हणजे पहिल्या श्रेणीत बढती मिळाली का? नाही. कप आणि लीग यांची वहीच वेगळी. फायनलच्या आठवडाभर आधी बढतीच्या सामन्यांत हिब्स फॉल्कर्ककडून हरले होते. त्यामुळे कप कपाटात ठेवून ते पुढचं अख्खं वर्ष दुसऱ्याच श्रेणीत खेळले, वर गेले ते २०१७ मध्ये. गंमत म्हणजे कपविजेते म्हणून २०१६ च्या उन्हाळ्यात ते युरोपा लीगच्या पात्रता फेरीतही खेळून आले आणि डेन्मार्कच्या ब्रॉन्बीकडून टायब्रेकरमध्येच हरले. हरलेले रेंजर्स मात्र त्याच वर्षी साखळीत पहिले येऊन बढती घेऊन गेले होते.

तारीख शनिवारची कशी, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण शनिवार पेठेतल्या माणसाला सांगायचा मोह आवरत नाही. ब्रिटनमध्ये १८५० च्या कायद्यानं कापड गिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद करायला लावल्या. हळूहळू बाकीच्या कामगारांनाही अर्धी सुट्टी मिळू लागली. हात मोकळे, खिशात आठवड्याची मजुरी, म्हणून सामना तीन वाजता. ती वेळ अजून टिकून आहे.

फायनलला दोन्ही संघ खालचे, असं आपल्याकडे होतं का? होतं, आणि त्याच वर्षी झालं. २०१६ च्या ड्युरंड कपाची फायनल दिल्लीत लष्कराच्या 'आर्मी ग्रीन' आणि इंफाळच्या 'नेरोका' या संघांत झाली. देशाची वरची साखळी तेव्हा आय-लीग होती. नेरोका तिच्या दुसऱ्या श्रेणीत होता आणि आर्मी ग्रीन तर साखळीतच नव्हता. गोल झाला नाही, टायब्रेकरमध्ये आर्मी ग्रीन जिंकले. आणि हाच ड्युरंड कप १८८८ साली सिमल्यात सुरू झाला तेव्हा पहिल्या फायनलला दोन्ही बाजूंना स्कॉटिश पलटणीच होत्या. रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्सनी हायलँड लाइट इन्फंट्रीला २-१ असं हरवलं.

पण जावयांचं रडणं समजून घ्यायचं असेल तर दिल्ली-सिमला राहू द्या. स्वारगेटहून कोल्हापूरची गाडी पकडा. तिथे फुटबॉल खेळतात त्या तालमी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालीम मंडळं आणि शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ. राष्ट्रीय साखळीच्या हिशेबात यातला एकही संघ वरच्या श्रेणीत नाही. म्हणजे तिथली प्रत्येक फायनल तुमच्या प्रश्नातलीच फायनल आहे. पण ती असली की शाहू स्टेडियमवर दुपारपासून जागा धरायला माणसं येतात आणि मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा सामना असेल तर पोलिसांनाही जास्तीचा बंदोबस्त ठेवावा लागतो.

हे कसं जमलं, याचं माझं उत्तर सोपं आहे. शाहू महाराजांच्या काळापासून कुस्तीसाठी पेठोपेठी तालमी होत्या. पोरं होती, बसायला जागा होती, वस्ताद होता आणि शेजारच्या पेठेशी ईर्ष्या तर होतीच. फुटबॉलला संघ नव्यानं बांधावे लागले नाहीत, तयारच मिळाले. १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन या सगळ्यांची साखळी भरवते आणि तिच्या पाठोपाठ महापौर चषकापासून पुढाऱ्यांच्या नावांच्या चषकांपर्यंत बाद पद्धतीच्या स्पर्धा रंगतात. विश्वचषक आला की याच गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिना अशा वाटल्या जातात. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. आपल्या पुण्याच्या पेठांनीही तितकीच ईर्ष्या पोसली, पण ती सगळी गणपतीत आणि ढोल-ताशा पथकांत घातली. फुटबॉलच्या वाट्याला काही उरलं नाही, हे मला थोडं खटकतं.

कोल्हापूरला जाणार असाल तर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या हंगामात जा आणि मफलर घरी ठेवून जा. कुठल्या गॅलरीत कुठला रंग चालतो, हे परक्या माणसाला बाहेरून कळत नाही.

आणि पुढच्या रविवारी फोन आला की जावयांना एवढंच विचारा, शेवटचे ते दोन्ही कॉर्नर कुणी मारले होते? ते 'लियम हेंडरसन' म्हणतील. मग विचारा, तो मूळचा कुठल्या क्लबाचा? तो हिब्सकडे वर्षभरासाठी उसना आलेला होता, सेल्टिककडून. सासऱ्यांना हेही ठाऊक आहे म्हटल्यावर पुढच्या पार्सलमध्ये टोपी येईल असा माझा अंदाज आहे.