परसातल्या कोंबड्या : नुकसान कुठून होते

परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या किडे, कोवळे गवत, खळ्यावर सांडलेले धान्य आणि घरातले खरकटे यांवर पोट भरतात. त्यामुळे त्या बिनखर्चाच्या समजल्या जातात. दाण्याचा खर्च खरोखरच कमी होतो. पण लस आणि राखण यांत हात आखडला, की वर्षभर वाढवलेल्या कोंबड्या आठवड्यात संपतात.

रोग घरात येण्याची नेहमीची वाट म्हणजे आठवडी बाजार. तुरेदार दिसला म्हणून घेतलेला कोंबडा त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडला जातो. काही दिवसांनी एखादी तलंग पंख पाडून कोपऱ्यात उभी राहते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट पातळ हगते. पुढे तिची मान पिळवटते. दाणा टिपायला गेलेली चोच भलतीकडेच पडते. हीच मानमोडी, म्हणजे राणीखेत. हा विषाणूचा रोग असल्याने तो बरा करणारे औषध नाही. या घडीला उरलेल्या कोंबड्या मिळेल त्या भावात विकायची घाई होते आणि रोग वाडीतल्या घराघरांत पोचतो. तसे मुळीच करू नये. मेलेली कोंबडी उकिरड्यावर न फेकता कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल पुरावी, वर चुना टाकावा. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे, कारण बर्ड फ्लूची लक्षणेही अशीच दिसतात. देशातला त्याचा पहिला उद्रेक २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरातच झाला होता.

नवे पाखरू दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे. त्याचे पाण्याचे भांडेही निराळे असावे. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावा आणि सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी लस टोचून घ्यावी. देवीची लसही याच सुमारास देतात. लस २ ते ८ अंशांत टिकते. उन्हातून खिशात घालून आणलेली लस टोचून काही उपयोग नाही. थर्मासात बर्फ घालूनच ती आणावी. कुपी मोठी असते आणि कालवलेली लस ठेवता येत नाही, म्हणून शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी लसीकरण करावे. शेजारच्यांच्या कोंबड्या निरोगी राहिल्या तरच आपल्याही राहतात.

दुसरा धोका रात्रीचा. मुंगसाला मुठीएवढी फट पुरते, आणि आत शिरल्यावर ते एकीवर थांबत नाही. सकाळी माना फोडलेल्या कोंबड्या जागच्या जागी पडलेल्या सापडतात. खुराडे जमिनीपासून उचललेले असावे, जाळी बारीक असावी, दाराला कडी असावी. दिवसा पिल्लांवर घार टपलेली असते, तेव्हा ती जरा मोठी होईपर्यंत डालग्याखाली ठेवणेच बरे.

गिरीराज, वनराज या सुधारित जाती वर्षाला शंभराहून अधिक अंडी देतात, गावठी कोंबडी त्याच्या निम्मी-अर्धीच. तरीही घरात दोन-तीन गावठी कोंबड्या हव्यातच. सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. गावठी मात्र दहा-बारा अंड्यांवर २१ दिवस नेटाने बसते आणि पिल्लांना घारीपासून जपते. विकत आणलेल्या पिल्लांना आईची ऊब नसते. त्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची ऊब बल्बने द्यावी, पुढे ती हळूहळू कमी करावी. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी पडते आहे. लांब सरकून धापा टाकत असतील तर बल्ब वर उचलावा.

अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्यांचे कूट द्यावे, नाहीतर कवच पातळ पडते. दिवसभर बाहेर चरल्या असल्या तरी संध्याकाळी खुराड्याजवळच मूठ-मूठ ज्वारी टाकावी. त्या वेळेवर परततात आणि मोजून घेता येतात. एखादी दाण्याकडे न येता बाजूला उभी राहिली, तर तिला त्याच रात्री वेगळी बांधावी.