उकळते पाणी आणि मैद्याची भिंत

पोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेचा एक छोटा पेला करा आणि तो ओट्यावर ठेवून द्या. थोड्याच वेळात त्याचे काठ बाहेर झुकू लागतील आणि पेला बसका होत जाईल. आता अशी कल्पना करा, की पिठाचा असाच चार बोटे उंच पेला करायचा आहे, त्यात सारण ठासून भरायचे आहे आणि बाजूने कसलाही आधार न देता तो तासाहून अधिक वेळ भट्टीत भाजायचा आहे. हे शक्य आहे काय?

शक्य आहे. इंग्लंडमध्ये असा पदार्थ कित्येक पिढ्या केला जात आहे. त्याचे नाव पोर्क पाय. हा 'पाय' म्हणजे आपला चालण्याचा पाय नव्हे आणि भूमितीतला वर्तुळाचा पायही नव्हे. पिठाच्या आवरणात सारण भरून भट्टीत भाजलेल्या पदार्थाला इंग्रज लोक पाय म्हणतात. ब्रिटनमध्ये गोड पाय होतात, तसे मांसाचे, भाज्यांचे खारे पायही होतात. पूर्वीच्या काळी जाड आवरण हेच भाजण्याचे भांडे असे. त्या आवरणाला जुन्या इंग्रजीत 'कॉफिन', म्हणजे पेटी, असे नाव होते.

लंडनच्या उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटरवर लेस्टरशर परगण्यात मेल्टन मोब्रे नावाचे गाव आहे. तेथील पोर्क पाय विशेष प्रसिद्ध. त्या भागात स्टिल्टन नावाचे चीज तयार होते. चीज करताना उरणारे निवळीचे पाणी डुकरांना पाजत आणि त्या डुकरांच्या मांसाचे पाय होत. २००९ साली या पदार्थाला भौगोलिक नामसंरक्षण मिळाले. ठरावीक प्रदेशात, ठरावीक पद्धतीने केलेल्या पायालाच ते नाव लावता येते. बाजूचा आधार न देता भाजल्यामुळे त्याच्या भिंती किंचित फुगीर होतात. तीच त्याची ओळख.

दोन वर्षांपूर्वी मी इंग्लंडला नातेवाइकांकडे गेलो असता पाय करायला शिकवणाऱ्या एका दिवसाच्या वर्गाला बसलो. मी विज्ञानाचा शिक्षक. स्वयंपाकघरात काय शिकायचे, असे मनात होते. पण त्या दिवशी पहिला धडा मलाच मिळाला.

पहिला पाय कोसळला

वर्गात आम्ही आठ जण होतो. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी प्रमाण सांगितले : मैदा ५०० ग्रॅम, डुकराची चरबी १६० ग्रॅम, पाणी २०० ग्रॅम आणि चवीपुरते मीठ. पाणी आणि चरबी एकत्र उकळायची, उकळी येताच ती मैद्यावर ओतायची आणि लाकडी चमच्याने भराभर ढवळायचे. गोळा झाकून ठेवायचा, तो कोमट झाला की लाटून एका लाकडी दंडगोलाभोवती हाताने वर चढवायचा. या दंडगोलाला ते लोक 'डॉली' म्हणतात. डॉली अलगद काढून घेतली, की पेला उभा राहतो.

माझ्या पातेल्याला उकळी आली. मी ते खाली उतरवले आणि प्रमाणे, वेळा वगैरे वहीत टिपून घेऊ लागलो. लिहिणे संपल्यावर पाणी मैद्यात ओतले. पीठ चांगले मळले गेले, डॉलीवर चढलेही. पण डॉली काढताच भिंत आधी आखडली, मग सुरकुतली आणि बघता बघता एका बाजूला बसली. शेजाऱ्यांचे पेले मात्र ताठ उभे होते.

बाईंनी पिठाला बोट लावले आणि म्हणाल्या, "अहो, वही थांबेल, पाणी थांबणार नाही."

पाणी थोडे निवले, एवढाच काय तो फरक. त्याने भिंत कशी कोसळली?

पिठात काय काय असते?

गव्हाच्या पिठात मुख्यतः दोन पदार्थ असतात : पिष्ट, म्हणजे स्टार्च, आणि प्रथिने. गव्हातील ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने पाण्यात भिजली आणि मळली गेली, की त्यांचे रेणू एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे जाळे तयार होते. हे जाळे रबरासारखे ताणले जाते आणि सोडले की आखडते. पोळी न फाटता पातळ लाटता येते ती त्यामुळेच. पण उभ्या भिंतीला हा गुण मारक ठरतो. वर चढवलेली भिंत आखडून खाली येऊ पाहते.

पिष्टाचे वागणे वेगळे. थंड पाण्यात त्याचे कण जवळजवळ जसेच्या तसे राहतात. पाण्याचे तापमान वाढत गेले, की गव्हाच्या पिष्टाचे कण सुमारे ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी शोषून फुगतात आणि त्यांची चिकट खळ होते. कागद चिकटवण्यासाठी घरी खळ शिजवताना हे तुम्ही पाहिले असेल. ही खळ गरम असताना मऊ असते, गार झाली की घट्ट होते. पायाच्या भिंतीला नेमके हेच हवे.

तेव्हा सारा प्रश्न तापमानाचा आहे. उकळते पाणी ओतल्यावर पिठाचे तापमान किती होईल? यासाठी इयत्ता नववी-दहावीचे मिश्रणाचे गणित पुरेसे आहे.

पाण्याची विशिष्ट उष्णता १, चरबीची सुमारे ०.५ आणि मैद्याची सुमारे ०.४ कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश धरू. चरबी व पाणी १०० अंशांवर आणि मैदा २० अंशांवर आहे असे समजू.

पाणी : २०० × १ = २००
चरबी : १६० × ०.५ = ८०
मैदा : ५०० × ०.४ = २००

मिश्रणाचे तापमान = (२८० × १०० + २०० × २०) ÷ ४८० = सुमारे ६७ अंश.

थोडी उष्णता भांड्यात आणि हवेत जाईल. तरी पिष्ट फुगण्यास लागणारे तापमान काही काळ नक्की मिळेल. पाणी कमी असल्याने सगळे पिष्ट फुगत नाही, पण काही भाग फुगला तरी काम भागते.

आता माझे पाणी पाहा. ते ६० अंशांपर्यंत निवले होते असे धरले, तर

मिश्रणाचे तापमान = (२८० × ६० + २०० × २०) ÷ ४८० = सुमारे ४३ अंश.

या तापमानाला पिष्ट फुगत नाही. उलट कोमट पाण्यात ग्लुटेनचे जाळे मात्र छान जमते. म्हणजे आधार देणारी खळ झालीच नाही आणि आखडणारे रबर तेवढे तयार झाले! वहीतल्या चार ओळी मला भिंतीएवढ्या महाग पडल्या.

चरबीचे काम आणि आपले मोहन

या पाककृतीत चरबी दोन कामे करते. वितळलेली चरबी मैद्याच्या कणांवर पातळ थर देते. त्यामुळे प्रथिनांना पाणी कमी मिळते आणि ग्लुटेनचे धागे लांब होत नाहीत. आपल्याकडे करंजी किंवा शंकरपाळ्यासाठी मैद्यात कडकडीत मोहन घालतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. मोहन कमी पडले की शंकरपाळे कडक होते, बेताचे पडले की खुसखुशीत. चरबीचे दुसरे काम गार झाल्यावर सुरू होते. खोलीच्या तापमानाला ती पुन्हा घट्ट होते आणि भिंतीला बळकटी देते. म्हणूनच भरलेले पाय भाजण्यापूर्वी शीतकपाटात ठेवतात.

दुसऱ्या खेपेला मी उकळते पाणी तत्काळ ओतले, पण अतिसावधपणे गोळा पार गार होऊ दिला. तो डॉलीवर चढवताना भिंतीला भेगा पडल्या. तेव्हा मला एकदम आईची आठवण झाली. गणपतीत उकडीचे मोदक करताना ती म्हणायची, "उकड गरम आहे तोवर मळ, मग चिरेल." तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतेच. तेथे उकळत्या पाण्याने फुगलेले पिष्ट एकटेच पारीला धरून ठेवते, आणि ते गार झाले की पारी चिरते. मेल्टन मोब्रेचा पेला आणि कोकणातला मोदक यांचे नाते हे असे उकळत्या पाण्याचे आहे.

तिसरा पेला उभा राहिला.

आतले सारण, बाहेरची भट्टी

सारणासाठी मांसाचे बारीक तुकडे करून त्यांत मीठ व पांढरी मिरी घातली. मीठ घालून कालवल्याने मांसातील काही प्रथिने विरघळून बाहेर येतात. ती चिकट असल्याने तुकडे एकमेकांना धरून राहतात. मेल्टन मोब्रेच्या पायात मांस ताजेच वापरतात, म्हणून शिजल्यावर ते करड्या रंगाचे दिसते. इतर काही पायांतले मांस गुलाबी असते. ते नायट्राइट क्षारात मुरवलेले असते.

पेला भरला, वर पिठाचे झाकण ठेवले, कडा चिमटीने जुळवल्या आणि मधोमध एक भोक पाडले. हे भोक विसरून चालत नाही. आत पाण्याची वाफ होते आणि वाफेचे आकारमान पाण्याच्या सोळाशेपटींहून अधिक असते. तिला वाट मिळाली नाही, तर झाकण किंवा भिंत फुटते.

भट्टीचे तापमान १८० अंश होते. आवरणाचा पृष्ठभाग कोरडा झाला, की त्याचे तापमान १०० अंशांच्या वर जाते आणि तेथे प्रथिनांतील अमिनो आम्ले व शर्करा यांच्यात अभिक्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास निर्माण होतो. १९१२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार यांनी या अभिक्रियेचे वर्णन केले. आत मात्र पाणी असल्याने तापमान १०० अंशांवर जात नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. बाहेरचा रंग सुंदर आला म्हणजे आतले मांस शिजले असे नाही. कच्च्या मांसातील रोगजंतू मरण्यासाठी गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचावी लागते, आणि जाड सारणातून ती सावकाश जाते. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेच्या सूचनेनुसार गाभा ७० अंशांवर २ मिनिटे, किंवा ७५ अंशांवर ३० सेकंद राहिला पाहिजे. ६० अंशच असतील, तर तब्बल ४५ मिनिटे लागतात. बाईंनी प्रत्येक पायात तापमापीची सळई खुपसून पाहिली. माझा पाय बाहेरून सोनेरी झाला होता, पण गाभ्यात ६४ अंश होते. तो पुन्हा भट्टीत गेला. डोळ्यांवर विसंबलो असतो, तर त्या दिवशी आजाराचेच निमंत्रण होते.

रिकाम्या जागेतील जेली

शिजताना मांस आकसते आणि आवरण जागेवर राहते. त्यामुळे दोहोंत पोकळी पडते. ती भरण्यासाठी डुकराच्या खुरांचा, चार-एक तास मंद आचेवर उकळलेला रस पाय थोडा निवल्यावर वरच्या भोकातून ओततात. हाडांभोवतीच्या ऊतींत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. त्याचे रेणू तीनपदरी दोरीसारखे पिळलेले असतात. दीर्घकाळ उकळल्याने हा पीळ सुटतो आणि जिलेटिन तयार होते. थंड झाल्यावर त्याचे धागे पुन्हा जागोजागी जुळतात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून पडते. हीच जेली. ती पोकळी भरते, त्यामुळे मांस कोरडे पडत नाही. मटणाच्या पायांचे सूप सकाळपर्यंत थिजलेले तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. तेथेही हेच घडते.

दुपारी बाईंनी कॉर्निश पॅस्टीही करून दाखवली. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील कॉर्नवॉलचा हा पदार्थ. त्याला २०११ साली नामसंरक्षण मिळाले. गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा कंद यांचे कच्चे सारण पारीवर ठेवून ती दुमडतात आणि कडेला मुरड घालतात. आकार हुबेहूब करंजीचा! मी सवयीने मुरड घातली. बाई ती निरखून म्हणाल्या, "ही कुठे शिकलात?" दिवसभरात मला मिळालेली ही एकच शाबासकी.

करून पाहा

हा प्रयोग शाकाहारी घरातही करता येईल. उकळते पाणी मात्र शिक्षकांनी किंवा घरच्या मोठ्या माणसांनीच ओतावे.

प्रत्येकी १०० ग्रॅम मैद्याचे तीन गोळे तयार करा.
अ) ४५ मिलिलिटर थंड पाणी.
आ) ४५ मिलिलिटर उकळते पाणी.
इ) ४० मिलिलिटर पाण्यात ३२ ग्रॅम वनस्पती तूप घालून उकळलेले मिश्रण.

तिन्ही गोळे दहा मिनिटे झाकून ठेवा. एका लहान पेल्याला बाहेरून कोरडा मैदा लावा आणि प्रत्येक गोळा त्याभोवती ५ सेंटिमीटर उंच चढवा. वीस मिनिटांनी पेला काढून घ्या. भिंतीची उंची लगेच आणि एका तासाने मोजा व तक्ता करा. नंतर 'अ' गोळ्याचा तुकडा वाडग्यातील पाण्यात चोळून धुवा. पाणी पांढरे होईल आणि हातात चिवट ग्लुटेन राहील. पांढऱ्या पाण्यात आयोडिनचा थेंब टाकून पिष्टाची परीक्षा घ्या. उरलेले पीठ वाया घालवू नका. 'इ' गोळ्याच्या चांगल्या पुऱ्या होतात. आयोडिन लागलेले पाणी तेवढे फेकून द्या.

विचार करा

१. वरील गणितात मैदा शीतकपाटातला, म्हणजे ५ अंशांवरचा असता, तर मिश्रणाचे तापमान किती झाले असते?
२. चरबीऐवजी तितकेच गोडेतेल वापरले, तर भिंत गार झाल्यावर तितकीच ताठ राहील काय? कारण द्या.
३. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या चायना ग्रासची जेली सुमारे ८५ अंशांना वितळते, जिलेटिनची मात्र सुमारे ३५ अंशांना. तोंडात विरघळणारी जेली कोणती?

संध्याकाळी मी माझा तिसरा पाय घेऊन घरी गेलो. तो किंचित वाकडा होता, पण उभा होता. वहीत मात्र पाण्याचे तापमान लिहायचे राहूनच गेले होते. ते तुम्ही तुमच्या प्रयोगात विसरू नका.