‘आय-सेव्हन’चा स्टिकर

२०२४च्या उन्हाळ्यात वाकोल्याच्या आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो १४ हजारांना, आणि मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले होते की कसा स्वस्तात पदरात पाडून घेतला.

मी हिशेबाचं काम घरून करते. एक्सेल, टॅली, अधूनमधून व्हिडिओ मीटिंग. मुलाची दहावी झालेली, त्याला व्हॅलोरंट खेळायचं होतं. एका दुकानात कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं मशीन दिसलं. ‘‘ताई, आय-सेव्हन आहे. आय-थ्रीच्या भावात देतोय.’’ कॅबिनेटवर चकचकीत निळा स्टिकर. दिवसभर आकडे तपासणारी मी बाई, पण तिथे तो सातच तेवढा वाचला.

एक्सेल छान चाललं, खोटं कशाला बोला. संध्याकाळी मुलाने गेम टाकला आणि पडद्यावर चौकट आली: व्हॅन ९००१. विंडोज ११वर त्या गेमला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि सिक्युअर बूट लागतं. आमच्याकडे टीपीएमच नव्हतं. प्रोसेसर निघाला आय-सेव्हन २६००, म्हणजे २०११चा. विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्ट इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी मागते. दुकानदाराने ती तपासणी चुकवून विंडोज बसवलं होतं. भांडायला गेले तर म्हणाला, ‘‘गेमचं कुठे बोलला होता तुम्ही?’’ नव्हतेच बोलले. आणि जीएसटी वाचेल म्हणून बिलही घेतलं नव्हतं.

तेव्हा जुनं घेणार असाल तर ‘आय’च्या पुढचा आकडा सोडा, त्याच्या पुढचा वाचा. २६०० म्हणजे दुसरी पिढी, ८५०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. दुकानातच मशीन चालू करायला लावा, विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाइप करा, आवृत्ती २.० दिसली नाही तर पाकीट काढू नका. ‘विंडोज १० टाकून देतो’ याला भुलू नका. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

दुसऱ्या वेळी स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात अजून लॅमिंग्टनच.) रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. पहिल्या दुकानात आय-थ्री १२१००एफ दाखवला, भाव बघून जीव हरखला. मुलाने कोपर मारलं: एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड घ्या नाहीतर काळा पडदा बघत बसा. शेवटी रायझन ५, ५६००जी घेतला. त्यात ग्राफिक्स आतच असतं, पण ते रॅममधूनच मेमरी वापरतं. दुकानदार १६ जीबीची एकच पट्टी देत होता. आम्ही ८-८च्या दोन मागितल्या. रॅम तेवढीच, पण दोन पट्ट्या जोडीने चालल्या की गेममधला फरक डोळ्यांना दिसतो. ५१२ जीबीची एसएसडी घेतली. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा एसएमपीएस (आतल्या सगळ्याला वीज पुरवणारा) हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. तो नाकारून चांगल्या कंपनीचा वेगळा घेतला. इथे हात आखडू नका, तो जळताना शेजारच्यालाही घेऊन जातो. मॉनिटरसकट ३५ हजार, पक्कं बिल, विंडोजचे पैसे वेगळे. रॅमचे भाव त्यानंतर बरेच चढलेत, तेव्हा आज तेवढ्यात बसेल असं धरून चालू नका.

घरी आल्यावर मुलाने कॅबिनेट टेबलाखाली सरकवलं. मी तिथल्या तिथे उचलून वर ठेवायला लावलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा याच तळमजल्यावर मी गुडघाभर पाण्यात उभी होते. तो तेव्हा जन्मलाही नव्हता.

जुनं मशीन विकलं नाही. लिनक्स टाकून सासूबाईंना दिलं, त्यावर त्या कीर्तनं लावतात. शेजारणी आल्या की स्टिकरवर बोट ठेवून सांगतात, ‘‘आय-सेव्हन आहे हो. पोरांना नको झाला.’’